पदर खोचून वाचन

"वाचायची हौस फार होती हो, पण आता वेळच कुठे मिळतो?" असं आपण सगळ्याच म्हणतो. मुलांचे डबे, अभ्यास, नोकरी, आलं-गेलं यांतून कादंबरी हातात धरणं कठीणच. पण मैत्रिणींनो, माहितीपर वाचनाची एक सोय आहे. दूध उतू जाऊ लागलं तर मध्येच उठता येतं, रुखरुख लागत नाही.

सुरुवात स्वयंपाकघरातूनच करू या. गॅस सिलिंडरच्या वरच्या पट्टीवर एक अक्षर आणि वर्षाचे दोन आकडे असतात. 'ए' म्हणजे मार्चअखेर, 'बी' जून, 'सी' सप्टेंबर आणि 'डी' डिसेंबर. तोवर सिलिंडरची पुन्हा चाचणी व्हायला हवी. मुदत उलटलेला सिलिंडर दारातूनच परत करावा.

औषधाचं पाकीट तर दोनदा वाचावं. आमच्या शेजारच्या बाळाला जुलाब होत होते, तेव्हा त्याच्या आईने ओआरएसची मोठी पुडी पेलाभर पाण्यातच कालवली. पुडीवर 'एक लिटर' छापलेलं होतं! पाणी कमी पडलं की मिठाचं प्रमाण कितीतरी वाढतं आणि ते बाळाच्या जिवावर बेतू शकतं. सासूबाईंनी चष्मा लावून पुडी वाचली, म्हणून निभावलं. लहान पुड्यांना पाणी कमी लागतं. तेव्हा दर वेळी वाचायचंच.

असं वाचता वाचता कुतूहल वाढतं. ही पुडी आली कुठून? 1971 साली बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलऱ्याची साथ आली, सलाइन अपुरं पडलं. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी साखर-मिठाचं द्रावण पाजून असंख्य जीव वाचवले.

मग पुस्तकाकडे वळावं. वीणा गवाणकरांचं 'एक होता कार्व्हर' घ्या. गुलामीत जन्मलेला हा शास्त्रज्ञ शेतकऱ्यांसाठी सोप्या पत्रिका लिहायचा. 1916 च्या पत्रिकेत त्याने भुईमुगाचे 105 पदार्थ दिले होते. शब्द अडला तर मराठी विश्वकोश आता मोबाईलवरही फुकट वाचता येतो.

रोज पंधरा मिनिटं पुरेत. कुकरच्या शिट्ट्या होईतो दोन पानं होतात. जवळ एक वही ठेवा, न कळलेलं टिपून ठेवा आणि रात्री जेवताना मुलांना विचारा. आईलाही अडतं आणि आईही शोधते, हे त्यांना दिसू द्या.