दहा ठोक्यांचं शून्य

सांगलीच्या कुपवाड एमआयडीसीत, खाली लेथ चालू असलेल्या एका शेडच्या माडीवर जुने टेलिफोन दुरुस्त होतात. कारागीर मूळचे मोटार वाइंडिंगवाले. टेबलावर बंगळूरच्या आयटीआय या टेलिफोन कारखान्याचा काळा, चकतीचा फोन होता. 1948 साली सुरू झालेल्या या सरकारी कारखान्याचे फोन एके काळी सांगलीत हळदीच्या अडत दुकानांपासून दवाखान्यांपर्यंत सगळीकडे दिसत. आता एका कारखानदाराला तो केबिनमध्ये हवा होता, तिथल्या इंटरनेटवर चालणाऱ्या एक्स्चेंजचं एक्स्टेन्शन म्हणून. अट एकच, आतलं काही बदलायचं नाही.

कारागिरांनी आधी तो नेहमीच्या फायबर मोडेमच्या टेलिफोन सॉकेटला जोडला आणि मोबाइलवरून नंबर लावला. घंटा अशी खणखणली की खालचा पोरगा जिना चढून बघायला आला. बोलणंही स्वच्छ. पण चकती फिरवली तरी डायल टोन तुटेना.

"येतंय सगळं, जात न्हाई," ते म्हणाले. "ह्यो मोजतच न्हाई बघा."

मोजायचं काय? चकती सोडली की स्प्रिंगच्या जोरावर परत येताना ती लाइनचा प्रवाह तोडत, जोडत येते. 1 ला एकदा, 5 ला पाचदा, 0 ला दहादा, सेकंदाला साधारण 10 ठोके. जुन्या स्ट्रोजर एक्स्चेंजमधले स्विच या ठोक्यांवरच पायरी पायरीने सरकत. ते शोधणारा आल्मन स्ट्रोजर हा अमेरिकेतला अंत्यविधीचं सामान पुरवणारा व्यावसायिक. पेटंट 1891 चं. बटणाच्या फोनमध्ये सहसा ठोके नसतात, प्रत्येक आकड्याला दोन सुरांची जोडी असते. बरेचसे नवे मोडेम तेवढेच सूर ओळखतात.

म्हणून कारखानदाराचं एक्स्चेंज आणि फोन यांच्या मध्ये ग्रँडस्ट्रीमचा एचटी801 हा छोटा ॲडाप्टर बसवला. त्याच्या सेटिंगमध्ये पल्स डायलिंग चालू करता येतं. पहिला आकडा फिरवताच टोन तुटला, पण 8 चा 7 होऊ लागला. दोष ॲडाप्टरचा नव्हता. चकतीचा वेग आवरणाऱ्या गव्हर्नरवर जुनं तेल चिकटून बसलं होतं, ती रेंगाळत परतत होती. त्यांनी ते पेट्रोलने पुसलं आणि टोकावर घड्याळाच्या तेलाचा जेमतेम थेंब सोडला. मला हे काम सगळ्यात आवडलं, कारण इथे सॉफ्टवेअरचा काही उपयोग नव्हता. मग ॲडाप्टरमधला दोन आकड्यांमधला वाट बघण्याचा वेळ वाढवला. नाहीतर माणूस पुढचं भोक शोधतोय तोवर यंत्राला वाटतं, नंबर संपला.

जाता जाता एक हिशोब. पोलिसांच्या 100 ला 21 ठोके लागत, आताच्या 112 ला फक्त 4. मात्र बँकेची बाई 'मराठीसाठी 1 दाबा' म्हणाली, की ही चकती बहुधा निरुपयोगी. तिकडे सूर लागतात.

घंटा नि चकतीची यंत्रणा काढून आत सिमकार्डाचा बोर्ड बसवून देणारेही आहेत. माझ्या मते तो फोन उरत नाही, नुसता डबा उरतो. तुमच्या माळ्यावर असा फोन असेल तर भंगारात घालू नका, आतलं उपसूही नका. ॲडाप्टर घेताना दुकानदाराला एवढंच विचारा, पल्स डायलिंग चालतं का? नुसतं 'सगळे फोन चालतात' म्हणाला, तर दुसरं दुकान गाठा.