‘याआधीचा नाही’

सकाळी ७.००

कनेक्टिकटमधल्या एका लिलावघरात मी जुन्या अवजारांची यादी करते. पुण्यात धातुशास्त्र शिकले, इथे येऊन बरीच वर्षं फाउंड्रीत घालवली. आता बंदुकीच्या गोळ्या ओतायचे जुने साचे हा माझा विभाग आहे. एकोणिसाव्या शतकात इथला शेतकरी किंवा शिकारी चुलीवर शिसं वितळवून घरीच गोळ्या ओतायचा आणि उडवलेली काडतुसं पुन्हा भरायचा. त्यामुळे बंदुकीबरोबर साचाही घरात यायचा. हे साचे बनवणाऱ्यांपैकी मोठी नावं याच राज्यातली: हार्टफर्डला कोल्ट, न्यू हेवनला विंचेस्टर आणि आयडियल, मिडलफील्डला लायमन. आमच्याकडे माल येतो तो याच पट्ट्यातल्या तळघरांतून आणि गॅरेजांमधून.

चहा घरीच पिऊन निघते. कामाच्या टेबलाजवळ खाणंपिणं बंद. जुन्या साच्यात पांढरी भुकटी दिसते ती शिशाची. ती पोटात गेली की अंगात साठत जाते.

८.३०

आजचा माल म्हणजे लाकडी खोकंभर साचे. मालक वारले, मुलाने सगळं उचलून आणून दिलं. सोबत त्याची चिठ्ठी: ‘आयडियल कंपनीचे, १८८४ सालचे.’

हातमोजे चढवून आधी फोटो काढते, मग कशालाही हात लावते. साच्याचे दोन अर्धे म्हणजे ठोकळे; कोणती मूठ कोणत्या ठोकळ्यांना जोडलेली होती, कोणतं खोकं कशाखाली होतं, हे एकदा विस्कटलं की पुन्हा जुळत नाही. नंतर धातूप्रमाणे ढीग करायचे. ॲल्युमिनियमचे साचे बाजूला जातात. ते बहुतेक ली कंपनीचे, विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातले. लोखंडी साचे मधे. पितळी वेगळे, कारण पितळेत इंग्रजी माल आणि आजकालच्या नकला दोन्ही मिसळलेल्या असतात.

९.१५

आता अक्षरं वाचायची. दिवा डोक्यावर ठेवला तर गंजलेल्या लोखंडावर काहीच दिसत नाही. तो टेबलाच्या पातळीला आणून उजेड बाजूने पाडला की ठशाच्या कडांना सावली धरते. पहिल्या साच्यावर ‘आयडियल’ हे नाव लगेच सुटतं. खालचा आकडा भिंगाखाली लागतो: ३११४१.

आयडियलच्या क्रमांकात पहिले तीन अंक म्हणजे गोळीचा व्यास, इंचाच्या हजाराव्या भागात: ०.३११. उरलेले अंक म्हणजे नमुन्याचा क्रमांक, इथे ४१. पुढे लायमनने असे छोटे क्रमांक शून्य भरून तीन अंकी केले. तोच नमुना नंतर ३११०४१ झाला, ३११८ चा ३११००८ झाला, ४२७९८ चा ४२७०९८. म्हणजे शून्याशिवायचा क्रमांक ही जुन्या पद्धतीची खूण. पण किती जुना? हा नमुना ३०-३० काडतुसासाठीचा आणि ते काडतूस विंचेस्टरने १८९५ मध्ये बाजारात आणलं. गोळीचं गिऱ्हाईकच जन्मलं नव्हतं तेव्हाचा साचा असणार नाही. चिठ्ठीतलं १८८४ इथेच बाद.

१८८४ आलं कुठून, हे मात्र कळतं. जॉन बार्लो यांनी न्यू हेवनमध्ये आयडियल कंपनी काढली ते हे साल. लोक कंपनीच्या स्थापनेचं साल उचलतात आणि वस्तूला चिकटवतात.

१०.३०

दुसरा साचा, पुन्हा ‘आयडियल’, क्रमांक ४२९४२१. व्यास ०.४२९ इंच, नमुना ४२१. ही ४४ स्पेशल रिव्हॉल्व्हरची गोळी एल्मर कीथ या लेखक-नेमबाजाने १९२० च्या दशकाच्या अखेरीस आखली. तोवर आयडियल बार्लोंच्या हातात राहिली नव्हती. १९१० मध्ये ती मार्लिन या बंदूक कंपनीने घेतली, १९२५ मध्ये लायमनकडे गेली. लायमनने ‘आयडियल’ हे नाव मोडीत काढलं नाही. ते साच्यांवर आणि हँडबुकांवर चालू ठेवलं. तेव्हा ‘आयडियल’ एवढंच पाहून साल सांगणारा हमखास फसतो. न्यू हेवन लिहिलंय की मिडलफील्ड, लायमनचं नाव आहे की नाही, मूळ खोक्यावरचं लेबल काय म्हणतं, हे सगळं जोडीला लागतं.

याच साच्याच्या दोन्ही अर्ध्यांवर आतल्या बाजूला एक छोटा सारखा अंक आहे. विकणारे तो साल म्हणून दाखवतात. ती फक्त जोडीची खूण: कारखान्यात हे दोन अर्धे एकमेकांसाठी घासून बसवले, ते चुकून दुसऱ्याच्या गळ्यात पडू नयेत म्हणून.

११.४५

सकाळचं सगळ्यात चवदार काम. टेबलावर तीन साचे, तिन्हींवर ‘३८’.

पहिल्यावर विंचेस्टरचं नाव आणि ‘३८ डब्ल्यू.सी.एफ.’. ही अक्षरं म्हणजे विंचेस्टर सेंटर फायर. कॅलिपरने पोकळी मोजली तर ०.४० इंच भरते. काडतुसाचं नाव ३८, गोळी मात्र चाळीसची. लायमनच्या नंतरच्या यादीत याच काडतुसाचा साचा ४०१०४३ म्हणून येतो; तिथे नावाला भुलायचं काम नाही, व्यास आकड्यातच बसलेला आहे.

दुसरा साचा ३८ स्पेशलचा. पोकळी ०.३५८. इथेही नाव आणि माप यांचा मेळ नाही.

तिसरा पितळी, इंग्रजी घडणीचा, नाव नाही, नुसता ३८. पोकळी गोल आणि जवळपास अर्धा इंच. हा आकडा व्यासाचा नव्हेच. एक पौंड शिशाच्या ३८ सारख्या गोळ्या केल्या तर त्यातल्या एकीचा जो आकार, तो ३८ बोअर. आपल्याकडे ‘बारा बोअर’ म्हणतात तेच हे माप: पौंडाला बारा गोळ्या. बोअरचा आकडा जितका मोठा, तितकी गोळी लहान. लंडनच्या रॉबर्ट ॲडम्स यांच्या १८५१ च्या रिव्हॉल्व्हरपैकी काही ३८ बोअरचे होते, तेव्हा हे माप त्या घराण्यात बसतं. पण साच्यावर ॲडम्सचं नाव नाही. म्हणून मी ‘३८ बोअर, इंग्रजी पद्धतीचा’ एवढंच लिहिते.

एकच आकडा, तीन गोळ्या. सगळ्यात लहान आणि सगळ्यात मोठी यांच्यात साडेतीन मिलिमीटरचा फरक. कोणाच्या पद्धतीतला आकडा हे कळल्याशिवाय तो वाचण्यात अर्थ नाही. हेन्सली अँड गिब्ज या सॅन डिएगोच्या कारखान्याच्या साच्यावर ‘६८’ असतं, ते ना माप ना बोअर. त्यांच्या कॅटलॉगातला नमुना क्रमांक.

दुपारी १.००

हात कोपरापर्यंत साबणाने धुऊन, कोट काढून ठेवून बाहेर जेवण.

१.४५

एका विंचेस्टर साच्यावर पेटंटची तारीख आहे, पण दिवसाचा आकडा गंजाने खाल्लाय. अशा वेळी कॅलेंडर काढायचं. अमेरिकेत त्या काळात पेटंट मंगळवारीच दिली जात. समजा, मार्च १८८३ दिसतंय आणि दिवस १३ की १८ कळत नाही. १३ मंगळवार होता, १८ रविवार. प्रश्न मिटला.

मात्र तारीख पेटंटची, साच्याची नव्हे. १८६१ पासून पेटंट सतरा वर्षं चालायचं, आणि ठसा मारायचा पंच झिजेपर्यंत कारखाना तीच तारीख मारत राहायचा. १९२७ च्या कायद्याने तारखेऐवजी पेटंटचा क्रमांक छापायला सांगितलं. त्यामुळे क्रमांक दिसला की तो साचा बहुधा त्यानंतरचा. तारखेवरून मी एकच वाक्य लिहू शकते: याआधीचा नाही.

३.००

एका साच्यावर काहीच खूण नाही. पोकळीच्या कडा झिजल्यात, कॅलिपर आत नीट बसत नाही. जुन्या साच्यात गरम शिसं ओतायचं धाडस मी करत नाही. तडा गेला तर भरून येत नाही. पोकळीचा ठसा घ्यायला बिस्मथचा एक मिश्रधातू असतो, बंदुकीच्या नळीचं माप घ्यायला वापरतात तोच. ७० ते ८८ अंश सेल्सिअसला वितळतो. ओतल्यावर आधी थोडा आकसतो आणि साधारण तासाभराने मूळ पोकळीच्या मापावर येतो. त्यात कॅडमियम असतं, म्हणून हे काम धुराड्याखाली.

तासाने गोळी मोजते. बुडाशी एक बारीक पायरी आहे. तिथे तांब्याची छोटी वाटी बसते, ती गरम वायूपासून शिशाचं बूड राखते. ही वाटी आयडियलने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आणली. नाव नसलेल्या साच्याने स्वतःची खालची मर्यादा अशी आकारातून सांगितली.

४.३०

नोंदी लिहायच्या. पहिली अशी: ‘आयडियल, एका पोकळीचा लोखंडी साचा, क्र. ३११४१. ३०-३० साठीचा. १८९५ नंतरचा; क्रमांक शून्याआधीच्या पद्धतीचा. लाकडी मुठी नंतर बदललेल्या.’

चिठ्ठीवाल्या मुलाचा फोन येतो.

“१८८४ लिहिलं असतं तर बोली वाढली असती.”

“वाढली असती. आणि घेणाऱ्याने क्रमांक वाचला असता, तर खोकंच परत आलं असतं.”

तो थोडा वेळ गप्प. मग विचारतो, “बरं, मुठी बदलल्यात हे लिहायलाच हवं का?”

“हवं. ठोकळे एका काळातले, मुठी दुसऱ्या. दोन्ही खरे आहेत, पण एकत्र जन्मलेले नाहीत.”

रात्री ८.४५

साताऱ्यात सकाळचे सव्वासहा. भाच्याने वाड्याच्या माळ्यावर सापडलेल्या पितळी साच्याचा फोटो पाठवलाय.

“मावशी, आबा म्हणतात पेशवाईतला आहे.”

“त्यावर काय लिहिलंय?”

“इंग्रजी १६. सोळावं शतक असेल का?”

“आधी पोकळी मोज. पट्टी आतल्या काठापासून काठापर्यंत धर.”

“सतरा मिलिमीटरला जरा कमी.”

१६ बोअर, ठासणीच्या बंदुकीची गोळी: पौंडाला सोळा, म्हणजे एकेक गोळी एक औंसाची, सुमारे २८ ग्रॅमची. माप तंतोतंत जुळतं.

“मग पेशवाई नाही?”

“हा आकडा इंग्रजी पद्धतीचा आहे, एवढं नक्की. पेशवाई संपली त्या १८१८ च्या आधीचा की नंतरचा, हे नुसत्या आकड्याने ठरत नाही. सोबत बंदूक, परवान्याचा कागद, खरेदीची नोंद असलं काही आहे का, आबांना विचार.”

“आई तो चिंच लावून घासायला निघालीये.”

“तिला आधी थांबव!”

तुमच्याकडे असा साचा निघाला तर तुम्हालाही हेच सांगणं. चिंच, ॲसिड, तारेचा ब्रश यांतलं काहीही लावू नका. खूण घासली की तिच्याबरोबर पुरावाही जातो. मुलांच्या हाती देऊ नका, हाताळल्यावर हात धुवा. दोन्ही अर्धे, मुठी, खोकं, चिठ्ठी एकत्र ठेवा आणि बाजूने उजेड पाडून फोटो काढा. आणि कोणी छातीठोकपणे एकच साल सांगितलं, तर ते कशावरून, एवढं त्याला जरूर विचारा.