संगणकाचा पत्ता हरवतो तेव्हा

बीडचा पिनकोड ४३११२२, परळीचा ४३१५१५. श्रीराम भिकाजी वेलणकरांनी आखलेली ही पद्धत १९७२ साली सुरू झाली. शाळेतल्या प्रत्येक संगणकालाही जाळ्यावर असाच आकडी पत्ता लागतो. पिनकोड अख्ख्या भागाला एकच. संगणकाचा पत्ता मात्र त्या जाळ्यात दुसऱ्या कोणाचा नसावा. तो बहुधा राउटर वाटतो.

एखाद्याच संगणकावर इंटरनेट बंद पडले, तर आपण आधी त्याचा पत्ता पाहू. विंडोजमध्ये ‘आयपीकॉन्फिग’ ही आज्ञा दिली की तो दिसतो. सुरुवातीला १६९.२५४ असेल, तर राउटरचे उत्तर न मिळाल्याने संगणकाने स्वतःच तात्पुरता पत्ता घेतला आहे. मग वायर नीट बसवून, राउटर बंद-चालू करून पाहावा. मेकॅनिकची वाट पाहण्यात मुलांचा तास बुडू नये.