पद्मिनीच्या अस्सल भागांचा शोध

२९ ऑक्टोबर २००३ या दिवशी ताडदेवच्या आरटीओत प्रीमियर पद्मिनीच्या शेवटच्या टॅक्सीची नोंदणी झाली. मुंबईत टॅक्सीच्या वयाची मर्यादा २० वर्षांची, त्यामुळे २०२३च्या ऑक्टोबरअखेर काळी-पिवळी पद्मिनी रस्त्यावरून उतरली. वर्तमानपत्रांनी निरोपाचे लेख छापले, लोकांनी फोटो काढून घेतले. जुनी फियाट जिवापाड जपणाऱ्यांच्या दृष्टीनं मात्र त्या दिवशी आणखीही काही संपलं. शहरात या टॅक्सी धावत होत्या तोवर त्यांच्यासाठी क्लच प्लेट, वॉटर पंप, ब्रेकचे किट बनवणारे छोटे कारखानदार टिकून होते. मोडीत निघणाऱ्या प्रत्येक टॅक्सीतून दरवाजे, काचा, स्टिअरिंग बॉक्स बाहेर पडत होते. आता गिऱ्हाईकही आटलं आणि मालही.

तरीही ‘पद्मिनीचे पार्ट काय, कुठेही मिळतात’ असं अजून सर्रास ऐकू येतं. मिळतात, हे खरं. पण गाडी चालती ठेवण्यापुरता भाग आणि गाडी मूळ रूपात उभी करण्यासाठी लागणारा भाग यांत फार अंतर आहे. टॅक्सीवाल्याला संध्याकाळपर्यंत गाडी रस्त्यावर हवी असे. जे बसेल ते त्यानं बसवलं आणि त्याच्या जागी ते योग्यच होतं. पुनरुज्जीवन करणाऱ्यानं तोच निकष लावला, तर पैसे अस्सल गाडीचे जातात आणि हाती टॅक्सी येते.

पहिली अडचण अशी की ‘फियाट’ म्हणजे एक गाडी नव्हे. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. कुर्ल्याच्या कारखान्यात आधी डॉज, प्लिमथ, डिसोटो जुळवल्या गेल्या आणि १९५४पासून फियाट ११०० आली. तीच आपली डुक्कर फियाट, पुढचे दरवाजे उलटे उघडणारी. मग एलिगंट, सिलेक्ट, सुपर सिलेक्ट. १९६४ला डिलाइट म्हणजे ११०० डी; १९७२ला तीच ‘प्रीमियर प्रेसिडेंट’ झाली आणि १९७४ला ‘पद्मिनी’. डिलाइटपासून पुढे पेट्रोल इंजिन १०८९ सीसीचंच राहिलं, सांगाडाही तोच. म्हणून नव्वदीतल्या पद्मिनीचा दरवाजा डिलाइटला बसतो. पण जाळी, दिवे, आतली कापडं, हँडल, मीटर, बोनेटवरचा मोनो (मोनोग्राम) हे सगळं मधल्या वर्षांत बदलत गेलं. दुकानदाराला ‘फियाटचं हँडल’ मागितलंत, तर तो शेवटच्या काळातलं काढून देईल, कारण त्याच्या फळीवर तेच उरलेलं असतं. मागताना साल सांगावं आणि जुना भाग हातात धरून जावं. पार्ट्स कॅटलॉग मिळाला तर सोन्याहून पिवळं. त्यात प्रत्येक भागाचं चित्र आणि नंबर असतो. बंद होणाऱ्या गॅरेजांमधून हे कॅटलॉग आज रद्दीच्या भावानं जातायत, याचं मला मनापासून वाईट वाटतं. पत्रा पुन्हा ठोकता येतो, पण ती माहिती पुन्हा तयार करता येत नाही.

गाडीचा अस्सलपणा सगळ्यात आधी हरवतो तो नट-बोल्टांत, आणि त्यांच्याकडेच सगळ्यात कमी लक्ष जातं. कुठलीही जुनी गाडी चार गॅरेजांतून फिरून आलेली असते आणि प्रत्येक मिस्त्रीनं डब्यात हात घालून जे सापडलं ते घट्ट केलेलं असतं.

बोल्ट ओळखायला गेज लागतो. पातळ पत्त्यांचा जुडगा, प्रत्येक पत्तीला वेगळे दात. बोल्ट घासलेटात धुऊन पत्ती आट्यांवर टेकवायची आणि उजेडाकडे धरायची. फटीतून उजेड दिसला की ती पत्ती त्याची नाही. सर जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४१ साली आखलेल्या ब्रिटिश आट्याचा कोन ५५ अंश. अमेरिकी आणि मेट्रिक आट्यांचा ६०. आता दोन सुती, म्हणजे पाव इंची बोल्ट घ्या. व्हिटवर्थमध्ये इंचाला २० आटे आणि अमेरिकी जाड आट्यातही २०च. नट सुखानं चढतो, घट्ट झाल्यासारखाही वाटतो, पण कोन वेगळा असल्यानं आट्यांच्या बाजू पूर्ण टेकत नाहीत आणि हादऱ्यानं तो सैल पडतो. चार सुतीला हा घोळ लगेच उघडा पडतो: व्हिटवर्थचे १२ आटे, अमेरिकी १३, त्यामुळे नट थोडा चढून अडकतो. जो अडकतो तो परवडला. चढणारा जास्त घातक.

आपल्याकडच्या जुन्या गाड्यांत या सगळ्या पद्धती सापडतात. जनरल मोटर्सचा शिवडीचा कारखाना १९२८ला सुरू झाला. तिथल्या शेवरोलेंना अमेरिकी आटे. विलीस जीपलाही तेच, शिवाय युद्धकाळातल्या जीपच्या डाव्या चाकांचे आटे उलटे. हे ठाऊक नसलेला माणूस सोडवायच्या नादात नट आणखी आवळून स्टड मोडून ठेवतो. युद्धाआधीच्या बहुतेक ब्रिटिश गाड्या व्हिटवर्थ आणि त्याच्याच बारीक आट्याच्या जातीवर चालतात. त्यांचे पानेही निराळे: पान्यावरचा आकडा डोक्याचं माप सांगत नाही, आट्याच्या दांड्याचं सांगतो. अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा यांनी युद्धानंतर एकच आटा ठरवला, तेव्हा ब्रिटिश कारखान्यांनी नव्या बोल्टांच्या डोक्यावर एकमेकांना चिकटलेली वर्तुळं उठवायला सुरुवात केली. ती दिसली की व्हिटवर्थचा पाना बाजूला ठेवायचा.

सगळ्यात चक्रावून टाकणारं प्रकरण मॉरिस आणि एमजीचं. विल्यम मॉरिस यांनी १९२३ साली हॉचकिस या फ्रेंच कंपनीचा कॉव्हेंट्रीतला इंजिन कारखाना विकत घेतला. तिथली यंत्रं मेट्रिक आटे कापणारी, पण ब्रिटनमधल्या गॅरेजांत पाने सगळे इंची. मग मेट्रिक आट्याच्या बोल्टांना व्हिटवर्थच्या मापाची डोकी बसवली गेली. तो वारसा १९४५ ते १९४९ दरम्यान बनलेल्या एमजी टीसीच्या इंजिनातही टिकून होता. आपल्याकडे टीसी जपणारे बरेच आहेत. त्यांच्या इंजिनाला हार्डवेअरच्या दुकानातला कुठलाच बोल्ट धड होत नाही: आटा जमला तर डोकं चुकतं, डोकं जमलं तर आटा.

त्या मानानं फियाट सोपी, कारण ती पहिल्यापासून मेट्रिक. तरी पारख लागतेच. १० मिलीमीटरच्या बोल्टाचं डोकं जुन्या युरोपीय मापात १७चं, आजच्या आंतरराष्ट्रीय मापात १६चं, जपानी गाड्यांत १४चं. पद्मिनीच्या पुढच्या सस्पेंशनला १४चा पाना लागला की समजावं, कुठल्या तरी मारुतीचा बोल्ट इथे येऊन बसलाय. डोक्यावरचा आकडाही वाचावा. ८.८ म्हणजे दर चौरस मिलीमीटरला ८०० न्यूटन ताण सोसणारा, आणि त्याच्या ८० टक्के ताणापर्यंत कायमचा न वाकणारा. हौसेनं सगळीकडे चकचकीत स्टेनलेस बोल्ट लावणारे बरेच दिसतात. ए२-७० दर्जाचा स्टेनलेस ७०० न्यूटनचा, ८.८ पेक्षा कमजोर, आणि कोरडा आवळला तर नटाला जागीच धरून बसतो. नंबरप्लेटला तो चालेल, पण स्टिअरिंगच्या जोडाला कदापि लावू नये. शिवाय तो दिसायलाही चुकीचाच. मूळ बोल्टाची छटा पाहायची तर डॅशबोर्डच्या मागे किंवा सीटच्या रुळाखाली शोधावं. तिथे पाण्याचा आणि मिस्त्रीचा हात सहसा पोचलेला नसतो.

भाग मिळतात कुठे? मुंबईत ऑपेरा हाउस-खेतवाडीच्या गल्ल्या नव्या मालासाठी, कुर्ल्याचा सीएसटी रोड मोडीसाठी, आणि किरकोळ पण दुर्मीळ चिजांसाठी चोरबाजार. पुण्यात नाना पेठ, शिवाय रविवार-बुधवारचा जुना बाजार. बाहेर दिल्लीचं काश्मिरी गेट आणि मायापुरी, कोलकात्याचा मल्लिक बाजार, चेन्नईचं पुदुपेट. अॅम्बॅसेडर कोलकात्याजवळच्या उत्तरपाऱ्याची, म्हणून तिच्या मालासाठी मल्लिक बाजार आधी गाठावा. स्टँडर्ड हेराल्ड मद्रासची, तिच्यासाठी पुदुपेट. फियाटचं माहेर कुर्ला, आणि नशिबानं मोडीचा बाजारही तिथेच.

या बाजारांत ‘ओरिजिनल’ या शब्दाला किंमत नाही, खोक्याला आहे, आणि खोकीही छापून मिळतात. मी खोकं बाजूला ठेवून भाग पाहतो. ओतीव कामावरचं उठावाचं अक्षर कडेला धारदार आहे का, मशीन केलेल्या पृष्ठावर हत्याराच्या रेषा एकसारख्या आहेत का, वजन जुन्या भागाइतकं भरतं का. जुन्या दुकानांच्या माळ्यावर वर्षानुवर्षं पडून असलेला कंपनी माल अजूनही अधूनमधून निघतो. त्यातला धातूचा भाग निःशंक घ्यावा, रबराचा मात्र घेऊ नये. न वापरलेलं ब्रेकचं वॉशरसुद्धा इतक्या वर्षांत कडक होतं आणि पहिल्याच घाटात दगा देतं.

बेअरिंग आणि ऑइल सील यांची चिंता करूच नये. ती गाडीच्या नावावर मागायची नसतात, नंबरावर मागायची. ६२०५ म्हणजे आतून २५, बाहेरून ५२, रुंदी १५ मिलीमीटर, मग ते मोटारीत असो की पिठाच्या गिरणीत. काचेच्या रबराचा इंचभर तुकडा कापून न्यावा आणि त्याच छेदाचं नवं घ्यावं. क्रोमिंगला देताना खाली तांबं आणि निकलचा थर आहे ना, हे विचारून घ्यावं. आपल्या किनाऱ्याच्या हवेत नुसत्या चमकेखाली गंज लगेच फुटतो.

जे मिळतच नाही ते बनवावं लागतं, आणि त्या बाबतीत महाराष्ट्राइतकं नशीब फार थोड्यांचं. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या फाउंड्र्या आणि मशीन शॉप एकेका नगाचं कामही हाती घेतात. फक्त एक खबरदारी घ्यावी. जुनाच भाग पॅटर्न म्हणून वाळूत दाबला, तर नवा सुमारे एक टक्क्यानं लहान येतो, कारण बीड थंड होताना आक्रसतं. ३०० मिलीमीटरच्या मॅनिफोल्डला ३ मिलीमीटरचा फरक पडतो आणि भोकं जुळत नाहीत. पॅटर्न वाढीव मापाचाच हवा.

परदेशातून मागवणं हा शेवटचा उपाय. इटलीत ११०० आर १९६९पर्यंत बनत होती, त्यामुळे डिलाइटचे काही भाग तिकडे सापडतात. वाहतूक आणि आयात शुल्क धरून किंमत मात्र जड पडते. ब्रिटिश गाड्यांची स्थिती हेवा वाटावा अशी. ब्रिटिश मोटर हेरिटेजनं १९८८ साली एमजी बीचा अख्खा सांगाडा नव्यानं बनवायला घेतला, तोही मूळ साच्यांवर. कुर्ल्याच्या साच्यांसाठी असं काही झालं असतं तर किती बरं झालं असतं!

आता कायद्यानंही अस्सलपणाला वजन आलंय. जुलै २०२१च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांपेक्षा जुन्या गाडीची ‘विंटेज’ म्हणून नोंद होते. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षं. आधीच नोंदलेल्या गाडीचा मूळ नंबर कायम राहतो. अट अशी की चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा. १९७४च्या पद्मिनी २०२४मध्येच या वयात आल्या. म्हणून मोडीतलं इंजिन घेण्याआधी आपलं मूळ इंजिन दुरुस्त होतंय का ते पाहावं, आणि आरसी बुकातला नंबर ब्लॉकवरच्या ठशाशी ताडावा.

खरेदीचा क्रम मात्र काय पुन्हा बनवता येतं आणि काय नाही, यावरून ठरतो. इंजिनाचं काम टर्नर सांभाळून घेईल, जमिनीचा सडलेला पत्रा २० गेजच्या नव्या पत्र्यातून उभा राहील, वायरिंग नवं ओढता येईल. पण मोनो, मीटरच्या तबकड्या, पट्ट्या, हँडल, दिव्यांच्या लाल काचा यांचे साचे गेले ते गेलेच. गिअरबॉक्सचं बेअरिंग पाच वर्षांनीही मिळेल. डिलाइटच्या मागच्या दिव्याची काच आज कुर्ल्यात दिसली, तर आजच पैसे मोजून घरी आणावी.