ट्रकची बॅटरी मरते की मारली जाते?

रात्रीचे दोन वाजलेले. नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचे क्रेट ट्रकमध्ये रचून झालेले. माळशेज घाट उतरून पहाटे वाशीची बाजारपेठ गाठायची, कारण उशिरा पोहोचलेल्या मालाला मिळेल तो भाव घ्यावा लागतो. ड्रायव्हर किल्ली फिरवतो आणि नुसता 'टक' असा आवाज येतो. पुन्हा किल्ली, पुन्हा 'टक'. भरलेला ट्रक चार माणसांच्या धक्क्याने हलत नाही. मग दुसऱ्या ट्रकला साखळी बांधा, ओळखीच्या वायरमनला झोपेतून उठवा. शेवटी निदान ठरलेलेच: बॅटऱ्या गेल्या, नव्या घ्या.

ज्या घरात मालकच ड्रायव्हर असतो आणि त्या एका ट्रकवरच बँकेचा हप्ता व मुलांची फी अवलंबून असते, तिथे अशी एक रात्र महिन्याचा हिशेब बिघडवते. अशाच एका घरात हिशेबाची वही लिहिणाऱ्या पत्नीच्या लक्षात आले की दीड वर्षात ही बॅटऱ्यांची दुसरी जोडी आहे. तिने नवऱ्याला विचारले, "अहो, बॅटरी आपली आपण मरते, की कुणी तिला मारतं?"

प्रश्न अगदी नेमका होता. बॅटरी ही फक्त टाकी आहे. टाकी रिकामी दिसली की लोक टाकी बदलतात. नळ गळतो का, पंप चालतो का, हे पाहत नाहीत.

जुन्या डिझेल ट्रकमध्ये तर हा दोष लपूनच राहतो. डिझेल इंजिनला ठिणगी लागत नाही आणि जुन्या गाड्यांचा पंपही यांत्रिक असतो. त्यामुळे एकदा सुरू झालेले इंजिन अल्टरनेटर बंद पडला तरी दिवसभर चालत राहते. संध्याकाळी दिवे लागतात, बॅटरीत उरलेली वीज संपते आणि पहाटे सेल्फ लागत नाही. दोष सकाळचा असतो, उघड होतो रात्री.

आवाज ओळखा

हत्यारे काढण्यापूर्वी कान लावावा. हेडलाइट लावून किल्ली फिरवायची आणि दुसऱ्याने दिव्याकडे पाहायचे. दिवा जवळजवळ विझला आणि 'कट-कट' झाले तर बॅटरी उतरलेली आहे, टर्मिनल सैल किंवा गंजलेले आहे, नाहीतर सेल्फ जाम आहे. दिवा तसाच प्रखर राहिला आणि आवाजच नाही, तर वीज सेल्फपर्यंत पोहोचत नाही. स्विच, वायर किंवा सोलेनॉइड पाहावा. सेल्फ 'घर्रर्र' फिरतो पण इंजिन हलत नाही, तर त्याची गरारी फ्लायव्हीलमध्ये बसत नाही. आणि इंजिन जोरात फिरूनही सुरू होत नसेल तर बॅटरीला दोष देऊ नये. बहुधा डिझेलच्या लाइनमध्ये हवा शिरलेली असते.

काही जण अशा वेळी खाली वाकून स्क्रू-ड्रायव्हरने सोलेनॉइडचे टोक जोडतात. ट्रक गिअरमध्ये राहिला असेल तर तो अंगावर येतो. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला आणि चाकामागे ठोकळा, यावाचून खाली हात घालायचा नाही.

मीटरचे आकडे

यापुढचे काम साध्या मल्टिमीटरचे. हे यंत्र बॅटरीच्या किमतीपुढे काहीच नाही, तरी बहुतेक ट्रकमालकांकडे ते नसते, हे नवलच. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत १२ व्होल्टची पूर्ण भरलेली बॅटरी सुमारे १२.६ ते १२.७ व्होल्ट दाखवते. १२.२ म्हणजे जेमतेम निम्मी, १२ च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. मोठ्या ट्रकमध्ये अशा दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडून २४ व्होल्ट केलेले असतात. तिथे प्रत्येक बॅटरी वेगळी मोजावी. हा मुद्दा पुढे येणारच आहे.

किल्ली फिरवताना आकडा खाली येतो, ते साहजिक आहे. पण १२ व्होल्टची बॅटरी साडेनऊच्याही खाली घसरली तर ती दमलेली आहे किंवा सेल्फ जास्त वीज खात आहे. सेल्फ एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त मारू नये. मध्ये मिनिटभर थांबावे, नाहीतर तोही जळतो.

सर्वांत दुर्लक्षित राहतो तो अर्थ. इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेले असते, म्हणून विजेला परतीची वाट देण्यासाठी इंजिनपासून चासीपर्यंत एक पट्टी लावलेली असते. ती गंजली की वीज आडवाटा शोधते. अॅक्सिलरेटरची केबलसुद्धा गरम झालेली आढळते. मीटरची एक तार बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर आणि दुसरी सेल्फच्या अंगावर धरून किल्ली मारायची. आकडा अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त आला तर दोष त्या वाटेत आहे. पट्टी काढून, खालचा रंग व गंज खरवडून घट्ट बसवावी. कित्येक 'मेलेल्या' बॅटऱ्या एवढ्याने जिवंत होतात.

चार्जिंग होते का?

इंजिन जरा रेस ठेवून बॅटरीवर मीटर लावावा. १२ व्होल्टच्या गाडीत साधारण १३.८ ते १४.४ आणि २४ व्होल्टच्या गाडीत साडेसत्तावीस ते साडेअठ्ठावीस आले तर ठीक. इंजिन बंद असतानाचाच आकडा राहिला तर चार्जिंग नाही. आधी पट्टा पाहावा: मधोमध अंगठ्याने दाबल्यावर तो एक सेंटिमीटरच्या आसपास दबावा. मग चार्जिंगचा लाल दिवा. किल्ली दिल्यावर तो लागला पाहिजे आणि इंजिन सुरू होताच विझला पाहिजे. तो मुळीच लागत नसेल तर खूश होऊ नये. बऱ्याच अल्टरनेटरला सुरुवातीची वीज त्या बल्बमधूनच मिळते. पाच-दहा रुपयांचा बल्ब उडाला की अल्टरनेटर झोपून राहतो. आकडा ३० च्या वर गेला तर रेग्युलेटर बिघडला आहे. मग बॅटरीचे पाणी उकळून जाते आणि बल्ब पटापट उडतात.

चार्जिंग तपासायला चालू इंजिनवर बॅटरीची केबल काढून पाहण्याची सवय डायनमोच्या काळातली आहे. अल्टरनेटरचे डायोड त्याने क्षणात जळू शकतात. बॅटरीजवळ विडी तर नकोच, कारण चार्जिंगच्या वेळी हायड्रोजन वायू निघतो. केबल काढताना निगेटिव्ह आधी, बसवताना निगेटिव्ह शेवटी.

दोन बैल, एक गाडी

त्या घरात मीटर आला तेव्हा दोन्ही बॅटऱ्या मिळून साडेचोवीस व्होल्ट दिसले. वरवर पाहता बरे. वेगवेगळ्या मोजल्यावर एकीवर १२.७ आणि दुसरीवर ११.८! कारण केबिनमध्येच होते. टेप, छोटा पंखा आणि देवाच्या तसबिरीभोवतीची लाइट, सगळे १२ व्होल्टचे. आणि त्यांची तार थेट एकाच बॅटरीवरून घेतलेली.

दोन बैलांपैकी एकालाच दिवसभर मोटेला जुंपावे आणि रात्री दोघांना सारखीच वैरण घालावी, तसा हा प्रकार. अल्टरनेटर दोघींना एकसारखाच प्रवाह देतो. त्यामुळे जिच्यावर बोजा आहे ती उपाशी राहते आणि दुसरी गरजेपेक्षा जास्त भरून पाणी आटवते. ड्रायव्हरला आठवले की एकाच बॅटरीत वारंवार पाणी घालावे लागत होते. म्हणजे खूण समोर होती. नवी जोडी घालूनही तार तशीच राहिली, म्हणून तीही गेली.

दोन्ही बॅटऱ्या काढून दुकानात वेगवेगळ्या चार्ज करून घेतल्या. चोवीसचे बारा व्होल्ट करणारा कन्व्हर्टर बसवून टेप व पंखा त्यावर घेतले. इंजिनची पट्टी काढली तर तिचे निम्मे धागे तुटलेले निघाले, तीही बदलली.

वहीत त्या दिवशी तीनच ओळी लिहिल्या गेल्या: कन्व्हर्टर, अर्थची पट्टी, चार्जिंगची मजुरी. ट्रक आता पहाटे एका किल्लीत सुरू होतो. रात्री तो उतारावर उभा करायची सवय मात्र मालकाची अजून सुटलेली नाही.