चामड्याच्या घोड्याची किंमत

इंदूर शहराची कीर्ती सराफ्यातील रात्रीच्या खाऊने आणि होळकरांच्या राजवाड्याने दूरवर पोहोचविली आहे. परंतु त्याच शहरात तयार होणाऱ्या चामड्याच्या खेळण्यांची माहिती फार थोड्यांना असते. तारेचा सांगाडा उभारावयाचा, कागद व चिंध्यांचे भरण करून त्यास अंगाचा उठाव द्यावयाचा आणि त्यावर मेंढीचे वा बकरीचे चामडे बसवावयाचे, अशी ही कला आहे. घोडा, हत्ती, वाघ, हरीण हे सारे प्राणी कारागिराच्या बोटांतून आकार घेतात. ‘इंदूरची चामड्याची खेळणी’ या नावाला भौगोलिक चिन्हांकनाचे कायदेशीर संरक्षणही लाभले आहे. कला आहे, नाव आहे. प्रश्न आहे तो या कलेवर एका घराची चूल पेटते की नाही, हा.

पूर्वी कारागिराला ग्राहक शोधीत हिंडावे लागत नसे. इंदूरहून सुमारे 90 किलोमीटरांवरील महेश्वर येथे अहिल्याबाई होळकरांनी विणकरांना आश्रय दिला, तेव्हा मागणी दरबाराची होती आणि मोलही दरबारच ठरवीत असे. 1948 साली होळकरांचे संस्थान मध्य भारतात विलीन झाले आणि तो काळ संपला. पुढे 1970 च्या दशकाच्या अखेरीस रेहवा सोसायटीने महेश्वरच्या मागांना नवे ग्राहक मिळवून दिले, तेव्हा एक गोष्ट स्पष्ट झाली. आश्रयदाता गेला म्हणून कला मरतेच असे नाही; मात्र आश्रयदात्याच्या जागी शेकडो अनोळखी ग्राहक आणून बसवावे लागतात. हे ग्राहक आज दोन वाटांनी येतात. एक वाट मेळ्याची, दुसरी मोबाईलवरील ऑनलाइन विक्रीची.

मेळे पुष्कळ आहेत. इंदुरातच लालबागेत माळवा उत्सव भरतो. हरियाणातील सूरजकुंडाचा मेळा 1987 पासून, तर राजधानीतील दिल्ली हाट 1994 पासून चालू आहे. तेथील गर्दी पाहून कारागिराला वाटते की, माल खपला म्हणजे पैसा झाला. येथेच हिशेब चुकतो.

उदाहरणादाखल एक लहानसा घोडा घेऊ. समजा, त्याच्या चामडे, तार इत्यादी साहित्याला 120 रुपये लागले आणि कामाला चार तास. आठ तासांच्या दिवसाची मजुरी 480 रुपये धरली, तर चार तासांचे 240 रुपये झाले. जागेचे भाडे, हत्यारांची झीज आणि बिघडलेले नग यांपोटी 40 रुपये धरले, म्हणजे घोडा 400 रुपयांना पडला. कित्येक कारागीर यातील 240 रुपये मोजतच नाहीत, कारण हात आपलेच असतात. परंतु जी मजुरी आपण स्वतःला देत नाही, ती ग्राहकाला फुकट दिल्यासारखीच होते.

हा घोडा 600 रुपयांना विकावयाचा ठरविला. दहा दिवसांच्या मेळ्यात गाळ्याचे भाडे 3000, प्रवास व मुक्काम 2200 आणि गाळ्यावर बसलेल्या दहा दिवसांची मजुरी 4800, असा 10,000 रुपये खर्च आला. शंभर घोडे खपले, तर प्रत्येकावर 100 रुपयांचा बोजा पडून 100 रुपये नफा उरतो. चाळीसच खपले, तर बोजा 250 रुपयांचा होतो आणि प्रत्येक घोड्यामागे 50 रुपये पदरचे जातात. गल्ला भरलेला दिसतो, पण तो मजुरीतून भरलेला असतो.

ऑनलाइन बाजारात गाळा नाही, प्रवास नाही. म्हणून तो स्वस्त भासतो. परंतु मजबूत खोक्याला 40 रुपये, पाठवणीला 80 आणि बाजारपेठेचे दलाल शेकडा 15 धरल्यास आणखी 90 रुपये जातात. 400 चा घोडा 610 ला पडतो आणि विकला जातो 600 ला! परत आलेला किंवा वाटेत मोडलेला नग तर यात धरलेलाच नाही.

मग दोन्ही वाटा बंदच समजाव्यात काय? तसे नव्हे. दोहोंची कामे निरनिराळी आहेत, एवढेच ओळखावयाचे. मेळ्यात ग्राहक वस्तू हातात घेतो, चामड्याचा पोत चाचपतो, कारागिराशी दोन शब्द बोलतो. तेथे विश्वास जन्मतो. त्याच वेळी वहीत त्याचे नाव व दूरध्वनी त्याच्या संमतीने टिपून घेतला आणि दिवाळीपूर्वी नव्या खेळण्यांची छायाचित्रे त्याला पाठविली, तर तो पुढची मागणी थेट कारागिराकडेच नोंदवितो. पैसे मोबाईलवरून क्षणात येतात, दलाली पडत नाही, पाठवणीचा खर्च ग्राहक देतो. त्या 600 रुपयांतून 160 रुपये उरतात. मेळ्याची खरी कमाई म्हणजे ही वही होय.

हा विश्वास टिकविण्याची पथ्ये साधी आहेत. छायाचित्र दिवसाच्या उजेडात घ्यावे आणि शेजारी मोजपट्टी ठेवावी. चामड्याचा रंग नगागणिक किंचित बदलतो, हे आधीच सांगावे. पावसाळी हवेत चामड्याला बुरशी धरते, म्हणून ते कोरड्या जागी ठेवण्याची सूचना खोक्यात घालावी. मेळ्यात एक भाव आणि मोबाईलवर दुसरा, असे कधीही करू नये.

कायद्याची बाजूही जाणून घ्यावी. 1 जानेवारी 2021 पासून खेळण्यांवर भारतीय मानक चिन्ह सक्तीचे झाले. तथापि विकास आयुक्त (हस्तशिल्प) यांच्याकडे नोंदलेल्या कारागिरांना, तसेच भौगोलिक चिन्हांकनाच्या अधिकृत वापरकर्त्यांना त्यातून सूट आहे. म्हणजे नोंदणीचा कागद हे केवळ भूषण नव्हे, संरक्षण आहे. ऑनलाइन बाजारपेठेतून विकणाऱ्यास वस्तू व सेवा कराची नोंदणी पूर्वी सर्वसाधारणपणे सक्तीची होती; 1 ऑक्टोबर 2023 पासून ठरीव मर्यादेच्या आत उलाढाल असलेल्यांना आपल्याच राज्यातील विक्रीपुरती मोकळीक मिळाली. परराज्यात माल धाडण्यापूर्वी मात्र नियम विचारून घ्यावेत. सप्टेंबर 2023 मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेतील 18 व्यवसायांत पारंपरिक खेळणी बनविणारेही आहेत. त्यांना पहिल्या टप्प्यात 1 लाखापर्यंत व नंतर 2 लाखांपर्यंत कर्ज शेकडा 5 व्याजाने मिळू शकते.

परंतु चिन्ह, मेळा, मोबाईल वा कर्ज यांपैकी कोणतीही गोष्ट कारागिराच्या वतीने किंमत ठरवीत नाही. ती त्यानेच ठरवावयाची असते. घरातला मुलगा वा मुलगी बापाच्या शेजारी बसून चामडे ताणावयास शिकेल की दुसरीकडे नोकरी शोधील, हे त्या 240 रुपयांवर अवलंबून आहे. आणि मेळ्यात उभे राहून ‘अहो, थोडे कमी करा’ असे म्हणणाऱ्या ग्राहकानेही एवढे ध्यानात घ्यावे, की तो भाव चामड्याचा कमी होत नाही. तो कमी होतो हातांचा.