मी आणि किंचाळणारा जिना

कबूल करायचे ते आरंभीच करून टाकतो: मी भित्रा आहे. भयानक रसाचा स्थायी भाव भय, वर्ण काळा, देवता काल, हे भरतमुनींचे म्हणणे मी दरवर्षी वर्गात अगदी खणखणीत आवाजात सांगतो. पण त्याच रसाचा आस्वाद घरी बसून घ्या म्हटले, की माझी दातखीळ बसते. विद्यार्थिदशेत एका मित्राने नारायण धारपांची कादंबरी दिली होती. चाळीस पाने वाचून मी ती परत केली, आणि तीही भर दुपारी जाऊन. पुढे प्राध्यापक झाल्यावर एका विद्यार्थिनीला रत्नाकर मतकरींच्या गूढकथांवर निबंध लिहायचा होता. तिला मी एका सहकाऱ्याकडे पाठवले. म्हटले, तो त्यांच्या अभ्यासाचा विषय आहे. तसे काही नव्हते.

अशा माणसाच्या हातात गेल्या मे महिन्यात त्याच्या मुलीने एक जाडजूड इंग्रजी पुस्तक ठेवले. जोनाथन स्ट्राउड यांची 'द स्क्रीमिंग स्टेअरकेस', म्हणजे किंचाळणारा जिना. "तुम्ही दिलेली सगळी पुस्तकं मी वाचली, बाबा. आता हे एक तुम्ही वाचा," ती म्हणाली. मुलगी नुकतीच नववीत गेलेली. नाही म्हणायला तोंड नव्हते.

२०१३ साली निघालेली ही कादंबरी पाच पुस्तकांच्या मालिकेतली पहिली. शेवटचे पुस्तक २०१७ चे. लंडन आपल्या ओळखीचेच आहे, पण त्यात पन्नासएक वर्षांपासून भुतांची साथ आली आहे. देवीची किंवा पटकीची यावी तशी साथ! दिवेलागण झाली की रस्ते ओस पडतात. भुताचा स्पर्श झाला की माणूस संपला. आणि यातली खरी मेख अशी की भुते दिसतात ती फक्त मुलांना. मोठ्यांना थोडे गारठल्यासारखे होते, उगीच उदास वाटते, एवढेच. म्हणून भुतांचा बंदोबस्त करणाऱ्या संस्था निघाल्या आहेत आणि त्यांत रात्रपाळीला मुले जातात, हातात तलवारी घेऊन. वय वाढले की दृष्टी जाते. मग ती मुले मोठी होऊन देखरेख करू लागतात. लॉकवुड नावाच्या मुलाची संस्था मात्र याला अपवाद. तिथे वडीलधारे कोणी नाहीच. तो, जॉर्ज आणि गोष्ट सांगणारी लूसी, अशी तिघेच.

मी हे पुस्तक फक्त दिवसा वाचले. तेही स्वयंपाकघरात, कुकरच्या शिट्ट्यांच्या सोबतीने. सौभाग्यवतींनी दोनदा विचारले, की आज कॉलेजला सुट्टी आहे की काय? एका जुन्या वाड्यातल्या लाल खोलीत रक्त झिरपू लागते, ते प्रकरण मी बसमध्ये उरकले, खिडकीजवळची जागा धरून. त्यातच त्या आठवड्यात आमच्या इमारतीची लिफ्ट बंद होती. चार मजले जिना मारुतिस्तोत्र पुटपुटत चढलो. शेजारच्या काकांना वाटले, मी उपासनेला लागलो.

पण पन्नास-साठ पानांनंतर जरा धीर आला. स्ट्राउड यांच्या भुतांना नियम आहेत. लोखंड, मीठ, चांदी, वाहते पाणी यांना ती वचकून असतात. हे वाचले आणि मी थबकलोच. आमच्या कोकणातल्या घरी बाळंतिणीच्या उशीखाली अडकित्ता ठेवीत. दृष्ट काढायला मीठ-मोहऱ्या लागतच. लंडनच्या लॉकवुडला आमच्या आजीने पाठीवर हात ठेवून शाबास म्हटले असते. शिवाय पोर्टलंड रो वरच्या त्यांच्या घरात चहा आहे, डोनट आहेत, आणि ज्याच्यावर वाटेल ते लिहावे, चितारावे असा एक टेबलक्लॉथ आहे. भीती आणि फराळ यांचे प्रमाण या लेखकाला नेमके साधले आहे.

एक प्रकरण मात्र दिवसाउजेडीही मला सोसले नाही, आणि त्यात रक्त नाही. लूसी लंडनला येण्यापूर्वी एका लहान गावात काम करीत असे. एका रात्री त्या मुलांना एका गिरणीवर नेले. आत काहीतरी फार वाईट आहे हे लूसीला जाणवले, तिने तसे वरिष्ठाला सांगितले. त्याला स्वतःला काहीच जाणवत नव्हते. त्याने जा म्हटले. मुले गेली. परत आली ती एकटी लूसी. पुढे चौकशी झाली आणि त्या माणसाच्या केसालाही धक्का लागला नाही.

पुस्तक मिटून मी बराच वेळ तसाच बसलो.

गेल्या वर्षी माझी आई गेली. त्या रात्री दोनच्या सुमारास मुलीने मला हलवून उठवले होते. "आजीचा खोकला वेगळा येतोय," ती म्हणाली. मी म्हटले, "रोजचाच आहे तो. झोप." सकाळी आईच्या खोलीत गेलो तेव्हा सगळे संपले होते. डॉक्टर म्हणाले, रात्री उठवले असते तरी फरक पडला नसता. ते खरेही असेल. पण पुढे कित्येक महिने मुलगी दिवा लावून झोपे, आणि त्या खोलीकडे फिरकत नसे. आजीचा खोकला ऐकू येतो, असे तिने एकदा सांगितले. तेव्हाही शास्त्रीय दृष्टीच्या या बापाने तेच उत्तर दिले: काही नसतं, झोप. दिवसा मीही त्या खोलीत कामाशिवाय जात नव्हतो, हे तिला सांगितले नाही.

संध्याकाळी मी तिला विचारले, "त्या रात्री खोकला वेगळा म्हणजे कसा होता?"

तिने सांगितले. मधेमधे आवाज आत ओढल्यासारखा होई, मग तांब्यावरचे फुलपात्र खाली पडले, मग काहीच नाही. सगळे अगदी क्रमवार. वर्षभर जपून ठेवल्यासारखे. मी मधे एकदाही बोललो नाही. मग ती म्हणाली, "तुम्ही पान एकशे कितीपर्यंत आलात?"

पुस्तक पुरे केले. त्यातही एका तरुण मुलीचे भूत आहे, पन्नास वर्षांपूर्वी तिचा खून झालेला, आणि तिचे दुःख लूसीच्या कानांवर पडते म्हणूनच उलगडा होतो. खुनी कोण ते सांगत नाही. भूत नव्हे, एवढे सांगतो. २०२३ साली नेटफ्लिक्सवर या गोष्टीची मालिका आली, आठ भागांची. ती पाहण्याइतका धीर अजून आलेला नाही.

नंतर एका रविवारी आम्ही दोघांनी आईची खोली आवरली. ट्रंकेत तिचा अडकित्ता सापडला. मालिकेतले दुसरे पुस्तक 'द व्हिस्परिंग स्कल' सध्या माझ्या उशाशी असते, आणि अडकित्ता उशीखाली. मुलगी हसते. पण परवा तिने तो एका रात्रीपुरता मागून नेला.